शंकापेटीची चावी

माझी बहीण जयवंता सातवी शिकलेली आहे आणि मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. आहे. निःशंक परिवार आम्ही दोघांनीही सोडला. तिनं सोडला ते लासुर्ण्यातल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा त्याच दिवशी कळलं. मी सोडला ते माझ्या बायकोला तीन वर्षांनी कळलं, तेही मी स्कूटरच्या डिकीत कांदाभजी लपवताना सापडलो म्हणून.

माझी सोडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवतो, तिथे दर गुरुवारी कसली तरी कमिटी येऊ लागली. अकरा वर्षं ती येत राहिली. एवढी तपासणी देशातल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजची झाली नसेल. वर्षातून एकदा, माघातल्या शेवटच्या गुरुवारी, मी पांढरी टोपी घालून लासुर्ण्याच्या केंद्रात हजर व्हायचो, शिरा खायचो आणि परत यायचो. याला मी मनातल्या मनात वैचारिक बंड म्हणत असे.

परिवाराची ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमचे बाबा, म्हणजे परिवाराचे संस्थापक, पन्नासेक वर्षांपूर्वी वारले. फोटोत ते हसतात. माणसाचं सगळं दुःख शंकेतून येतं, अशी त्यांची शिकवण. म्हणून कांदा-लसूण नाही, दुसऱ्या देवाचं देऊळ नाही, परिवाराबाहेरच्या लग्नात जेवण नाही आणि शंका नाही. पण शंका घेऊ नका असं सांगितल्यानं ती यायची थांबत नाही, हे बाबांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी शंकापेटी काढली. पत्र्याची ट्रंक, झाकणाला फट, कडीला कुलूप. आठवडाभरात मनात जी शंका येईल ती चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव घालायचं नाही, आणि गुरुवारी पेटीत टाकून मोकळं व्हायचं. माघातल्या शेवटच्या गुरुवारी वर्षाच्या सगळ्या चिठ्ठ्या, न वाचता, चुलीत घालायच्या आणि त्या जाळावर प्रसादाचा शिरा करायचा. साठ घरांच्या वर्षभराच्या शंका म्हणजे जाळ चांगला होतो. लाकडं ओली असली तरी धरतात.

पेटीची चावी विधवा बाईकडे असावी, असा बाबांचा नियम. तिला शंका घ्यायला आता काही उरलेलं नसतं, असा त्यामागचा विचार. दाजी वारले आणि वर्षाच्या आत चावी अक्काकडे, म्हणजे जयवंताकडे, आली. बावीस वर्षं ती तिच्या कमरेला होती. गेल्या वर्षी शिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का सकाळीच केंद्रप्रमुख तात्याबा गुरुजींच्या ओट्यावर गेली, चावी ठेवली, म्हणाली, “गुरुजी, मी सुटले,” आणि इंदापूरच्या एसटीत बसून निघून गेली. संध्याकाळी परतली ती स्टँडवर कांदाभजी खाऊन. आयुष्यातली पहिली. माझ्यासारखी डिकीत नाही. उभं राहून, चारचौघांत, वर मिरची.

परिवार सोडणाऱ्याची ‘पंगत बंद’ होते. त्याच्या हातचं अन्न नाही, पाणी नाही. अक्का राहते मुलाबरोबर, दीपकबरोबर, एकाच घरात. दीपक आणि सुनबाई सुकन्या परिवारात. त्यामुळे एका घरात दोन चुली झाल्या आणि अक्काची मागच्या पडवीत गेली.

या वर्षी माघ लागला आणि एका रविवारी दीपक आमच्याकडे बारामतीला आला. त्याची गाडी फाटकाशी दिसताच माझ्या बायकोनं, मंदाकिनीनं, कांद्याची टोपली गच्चीवर नेली. या कामात ती आता तरबेज आहे. दीपक तेहतीस वर्षांचा, लासुर्ण्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान, बोलायला नेमका.

“मामा, तुमी चला. तुमचं ऐकती ती.”

“माझं? तिनं आजवर माझं काय ऐकलंय?”

“न्हाय ऐकलं. पण तुमी शिकल्यालं हाय म्हणून ऐकंल, आसं तात्याबा म्हणलं.”

गोष्ट अशी झाली होती. सुटली त्याच आठवड्यात अक्का शेजारच्या छबूबाईला म्हणाली, “तुला एकटीलाच न्हाय वाटत तसं, छबू.” एवढंच. पण गावात एवढं पुरतं. जयवंताला काय माहीत कुणाला काय वाटतं? म्हणजे जयवंतानं चिठ्ठ्या वाचल्या! दुसऱ्या गुरुवारपासून पेटीत कोऱ्या चिठ्ठ्या पडू लागल्या. काहींनी ‘शंका नाही’ असं लिहून टाकलं. एकानं घाबरून दुकानाची पावतीच टाकली. माघ उजाडला आणि परिवाराकडे जाळायला एकही शंका शिल्लक नव्हती.

“तात्याबा म्हणत्यात, तिनं फकस्त भर सभंत पेटीवर हात ठिवून म्हणायचं, मी वाचल्या न्हाईत. बास. त्याच दिवशी पंगत खुली. पयलं ताट तिचं.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“मग कायमची बंद.” दीपक चहाच्या कपाकडे बघत राहिला. “मामा, मी दुकानातनं येतो तवा ती पडवीत भाकरी थापत आसती. वास येतो. मी वास घिऊन आत जातो.”

“वास चालतो का?”

“वासाचं नियमात काय न्हाय.”

हे तो गंभीरपणे म्हणाला. नियमांचं पुस्तक त्यानं या एका मुद्द्यासाठी पुन्हा वाचून काढलं असणार.

मी त्याच्याबरोबर निघालो. एक वाक्य तर म्हणायचं होतं. अकरा वर्षं दर गुरुवारी असली वाक्यं म्हणणाऱ्या माणसाकडे हे काम यावं, हे योग्यच होतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. भवानीनगर, सणसर करत पोहोचेपर्यंत मी मुद्दे तयार केले. एकूण पाच झाले.

अक्का पडवीत तुरी पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, “आलास? दीपकनं धाडलं व्हय? च्या घेतोस का तुझीबी पंगत बंद हाय?”

मी इकडेतिकडे पाहिलं.

“कुणी बघत न्हाय, पी.”

तिनं चहा दिला. दीपक दुकानाचं निमित्त काढून गेला होता. मी पहिला मुद्दा काढायच्या आत ती म्हणाली, “तू तर अकरा वर्सामागंच सुटलास.”

“कुणी सांगितलं?”

“तुझी चिठ्ठी यायची बंद झाली की.”

चहा गरम होता, म्हणून मला ठसका लागला असं मी तिला सांगितलं.

“नाव नसलं म्हणून काय झालं? बाकीच्यांची येवढी येवढी आसायची. तुझी फुलस्केप. दोन्हीकडनं. खाली बारीक अक्षरात कसल्या कसल्या पुस्तकांची नावं. येकदा तर झाडाची आकृती काढली हुतीस, आतल्या शिरांसकट. ती जाळताना मला वाईट वाटलं बग. हात हाय तुला चित्राचा.”

“म्हणजे तू खरंच वाचल्यास?”

“मग काय.” तिनं सूप ठेवलं. “वाचायच्या म्हणून न्हाय वाचल्या. आदी ऐक.”

चावी हाती आली त्याच वर्षी माघात अवकाळी पाऊस झाला, केंद्राचा पत्रा गळला आणि पेटीत पाणी गेलं. दोन दिवसांवर शिरा, आणि चिठ्ठ्यांचा लगदा. ओल्या शंका पेटायच्या कशा? दुसरी कुणी असती तर रॉकेल ओतून मोकळी झाली असती. पण अक्का कामाची चोख. तिनं सगळ्या चिठ्ठ्या पाटीत घालून घरी आणल्या आणि अंगणात जुन्या लुगड्यावर, कुरडयांच्या शेजारी, एक एक सुटी करून वाळत घातल्या. वर कावळ्याची भीती म्हणून राखणीला बसली. कुरडई एका बाजूनं वाळली की उलटावी लागते. चिठ्ठीही उलटावी लागते. आणि अक्काला सवय अशी की भेळेचा कागदही ती वाचल्याशिवाय टाकत नाही.

“पयल्या धा-बारा वाचल्या आन घाबरले. म्हणलं, गावात येक माणूस येडा झालाय. मग फुडं, आन नंतर दर साली, वाचत गेले तर सगळंच तसलं. ‘माझी म्हस माझ्या पापानं मेली का डाक्टर उशिरा आला म्हणून?’ ‘पाठात मला झोप येती, बाबांना दिसतं का?’ ‘बाबांना माझं नाव ठावं आसंल का?’ आन खाली, निम्म्या चिठ्ठ्यांवर, येकच वाक्य. आसा इचार फकस्त मलाच येतो.”

“कुणाची कुठली ते कळायचं का?”

“कसं कळंल? निम्म्या गावाला तात्याबांनीच शाळंत शिकवलं. सगळ्यांचं अक्षर येकसारखं, तात्याबांनी काढून घेतल्यालं. तुझंच त्येवढं कालीजात जाऊन बिघडलं.” मग म्हणाली, “येका चिठ्ठीला मात्र समास आखल्याला आसायचा. तांबड्या शाईनं. बावीस वर्सात येक गुरुवार चुकला न्हाय. शंका घ्यायला त्याच्यायेवढा नेमाचा माणूस न्हाय. काय लिवायचा, कोण, ते इचारू नगंस.”

मी कप खाली ठेवला.

“आन येक हाय. लई वर्सामागची. ती डोक्यातनं जात न्हाय. पर ती तुला सांगायची न्हाय.”

मग मी मुख्य प्रश्नाकडे वळलो. एकवीस वर्षं वाचून, जाळून, शिरा करून जी बाई गप्प राहिली, ती बाविसाव्या वर्षीच का सुटली?

अक्का तुरीतले खडे वेचू लागली.

“गेल्या साली येका बाईचा मालक गेला. दवाखान्यात न्हेला तर शंका घेतली आसं हुईल, म्हणून घरीच ठिवला. तिनं चिठ्ठी टाकली हुती. ‘मी मनात शंका घेतली म्हणून मालक गेलं का?’ ती चिठ्ठी मी माझ्या हातानं चुलीत घातली. वर शिरा केला. आन पंगतीत तिला तोच वाढला. तिनं परत मागून घेतला. गोड झालाय म्हणाली.”

शेजारच्या घरातून छबूबाईच्या बकरीचा आवाज येत होता. छबूबाईचे यजमान रामहरी गेल्या वर्षी पौषात गेले, हे मला माहीत होतं.

“मग आता देव मानतेस की नाही?” मी विचारलं. प्राध्यापकाला प्रश्न मोठाच सुचतो.

“बगती हाय. मोरगावला जाऊन आले. गणपती बरा हाय. पर माझी त्याची वळख न्हाय, उगं कसं मागायचं? लासुर्ण्याच्या द्येवीला गेले, तर पुजारी म्हणला, आजपत्तूर कुठं हुता? त्याचं बी बरोबर हाय. सकाळी उठल्यावर कुणाचं नाव घ्यायचं ते ठरत न्हाय, म्हणून नुसती उठती.” ती हसली. “जलमभर कांदा खाल्ला न्हाय. त्यातनं कांद्याचं काय बिघडलं न्हाय, बाबांचं काय बिघडलं न्हाय, माझं कालवण त्येवढं बेचव झालं. आसले प्रश्न पडत्यात दिवसभर. मजा येती.”

इथे मी माझे पाच मुद्दे मांडले. थोडक्यात असे, की एक वाक्य आहे. तुझा त्यावर विश्वास नाही, बाबांवर नाही, पेटीवर नाही. मग त्या पेटीवर हात ठेवून खोटं बोललं तर काय बिघडतं? मुलगा पुन्हा तुझ्या हातचं जेवेल.

“विश्वास न्हाय म्हणून तर खोटं बोलता येईना, आनंदा,” अक्का म्हणाली. “विश्वास हुता तवा बोलले आसते. तवा माफ करणारं कुणी तरी हुतं. आता बोलले तर माफ कुणी करायचं? मलाच बसावं लागंल की ते घिऊन.”

माझ्या पीएच.डी.च्या वेळी तीन परीक्षकांपैकी एकानंही मला इतकं अडचणीत आणलं नव्हतं. पाचही मुद्दे मी खिशात घालून परत आलो. परतीच्या वाटेवर मला जे वाटत होतं त्याला पराभव म्हणायला हवं होतं, पण ते छातीत वरच्या बाजूला होतं आणि त्यामुळे मी सणसरपर्यंत ताठ बसलो होतो.

गुरुवार आला. कॉलेजात त्या दिवशी खरोखरच कमिटी आली होती. तिला सोडून मी लासुर्ण्याला गेलो.

केंद्र म्हणजे कालव्याकडेचा पत्र्याचा लांब हॉल. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, समोर बाबांचा हसरा फोटो आणि फोटोखाली टेबलावर पेटी. बाहेर चुलीवर कढई चढली होती. पेटी उघडून चिठ्ठ्या चुलीत घातल्या गेल्या होत्या, पण कोऱ्या कागदांचा जीव तो केवढा. भुर्रकन जळून गेले. शेवटी चुलीत उसाचं पाचट टाकून काम भागवलं जात होतं. धूर हॉलमध्ये येत होता आणि लोक भक्तीनं डोळे पुसत होते.

अक्का दारात उभी राहिली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. परिवारात बायांना पांढरी साडी लागते, त्यामुळे ती आली हे कुणाला सांगावं लागलं नाही. पुरुषांच्या पहिल्या रांगेत दीपक होता. त्यानं मान वळवली नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

तात्याबा गुरुजी उठले. वय पंच्याऐंशी, आवाज अजून चौथीच्या वर्गाला पुरेल एवढा. हातात लिहून आणलेला कागद होता. ते वाचू लागले आणि मी बसल्या जागेवरून तो कागद पाहिला. डाव्या बाजूला समास होता. तांबड्या शाईचा, पट्टीनं आखलेला.

बाबांच्या फोटोकडे बघायचं मी तेव्हापासून सोडून दिलं आणि गुरुजींकडे बघत राहिलो. बावीस वर्षं, दर गुरुवारी.

“...तरी जयवंताबाई, सर्वांच्या मनातली ही किल्मिषं दूर व्हावीत म्हणून आपण पेटीवर हात ठेवून सांगावं. आपण चिठ्ठ्या वाचलेल्या नाहीत.”

अक्का पुढे आली. पेटीवर हात ठेवला. चाळीस एक बाया आणि तेवढेच पुरुष. कालव्याचं पाणी ऐकू येत होतं.

“वाचल्या,” अक्का म्हणाली.

आधी कुणाला ते ऐकू आलं असं वाटलंच नाही. मग मागून कुणी तरी “अगं बाया” म्हणालं आणि एकदम गलका झाला. कुणी पाप म्हणालं, कुणी बाहेर काढा म्हणालं. जे जास्त ओरडत होते त्यांनी बहुधा जास्त लिहिलं असावं, असा माझा अंदाज आहे.

“बावीस वर्सं वाचल्या,” अक्का आवाज न चढवता म्हणाली, आणि ऐकायचं होतं म्हणून लोक आपोआप गप्प झाले. “चूक झाली म्हणा. वाळत घालताना डोळं मिटता आलं न्हाईत. पर कुणाची कुठली ते कुणाला बोलले न्हाय, आन बोलणार न्हाय. येकच सांगायला आले. निम्म्या चिठ्ठ्यांत लिवल्यालं आसायचं, आसा इचार फकस्त मलाच येतो.” तिनं सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. “तुमा येकट्यालाच न्हाय येत. सगळ्यांना येतो. शेजारी बसल्याला हाय ना, त्याला बी येतो. येवढंच.”

कुणी शेजारी पाहिलं नाही. ऐंशी माणसं समोर बघत होती आणि प्रत्येकाला शेजारचा दिसत होता.

तात्याबांनी कागदाची घडी घातली. चष्मा काढला. सभेच्या आवाजात नाही, साध्या आवाजात विचारलं, “सगळ्या वाचल्या, बाई?”

“सगळ्या, गुरुजी.”

“मग बावीस वर्षं बोलला का नाहीत? कुणालाच?”

“चावी तुमीच दिली हुती की, राखायला. राखली.”

गुरुजी उभेच राहिले. त्यांनी ‘पंगत कायमची बंद’ असं जाहीर करायचं होतं; ते वाक्य कागदावर, समासाच्या उजवीकडे, नक्की लिहिलेलं असणार. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि शेवटी म्हणाले, “बसा.”

“बसत न्हाय. भाकरी टाकायची हाय,” म्हणून अक्का निघाली.

ती दारापर्यंत पोहोचली तेव्हा बायांतून छबूबाई उठली. पदर खोचला आणि अक्काच्या मागे गेली. मग मी उठलो. माझा गुडघा मांडी घालून आखडला होता, त्यामुळे ते उठणं मला वाटलं होतं तेवढं बाणेदार झालं नाही. भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोक्यावरची टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते न सुचल्यामुळे शेजारच्या माणसाच्या हातात दिली. त्यानं ती घेतली. आमच्यामागे आणखी सहा-सात जण उठले. त्यातले तिघे शिरा झाल्यावर परत आत गेले, पण तो शिऱ्याचा दोष. तूप बरं पडलं होतं.

दीपक उठला नाही.

घरी आलो. छबूबाई आमच्याबरोबर पडवीपर्यंत आली, तुरीच्या पाटीशी बसली आणि विचारलं, “जयवंता, माझी कुठली ते तुला ठावं हुतं?”

“हुतं.”

“मग?”

“मग काय. डाक्टर लागत हुता, छबू. तुझ्या शंकंनं काय झालं न्हाय.”

छबूबाई रडली. जोरात, नाक ओढत, अगदी गावभर ऐकू जाईल अशी. मग उठून बकरीला पाला घालायला गेली.

अक्कानं पीठ मळायला घेतलं. हात नेहमीसारखे चालत होते, पण पहिली भाकरी तव्यावर करपली. तिची भाकरी करपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. केंद्राकडून पंगतीची घोषणा ऐकू आली. म्हणजे दीपक आता पानावर बसला असणार. मी काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “अक्का, मला तुझा अभिमान वाटतो.”

“कालवण वाढून घे,” ती म्हणाली.

मी दुसरी भाकरी मोडत होतो तेव्हा पडवीच्या पायरीवर चपला वाजल्या. दीपक. पांढरा सदरा, कपाळाला केंद्राचं गंध. तो पायरीवरच थांबला. तोंड बघून कळत होतं की शिरा खाल्लेला नाही.

“आई, माझीबी वाचलीस?”

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. “चौदा वर्साचा हुतास तवाची. येकच हुती खरी. बाकीच्या तू नुसत्याच टाकायच्या म्हणून टाकल्यास.”

“काय हुतं त्यात?”

“तुला ठावं न्हाय व्हय?”

“तू सांग.”

अक्कानं ते पाठ म्हणावं तसं म्हटलं. वीस वर्षं पाठ केलेलं असावं तसं. “पेटीची चावी आईकडं हाय, म्हणून मी खरी शंका लिवत न्हाय.”

मला सांगायची नसलेली चिठ्ठी ती हीच.

“चावी दिऊन वर्स झालं,” अक्का म्हणाली. “मी वाट बगती हाय.”

दीपक पायरी चढून आत आला. हात धुतले. माझ्या शेजारी मांडी घालून बसला. ताट मागितलं नाही. अक्कानं त्याच्यापुढे ठेवलं. भाकरी, डाळ आणि एक अख्खा कांदा. तो कांद्याकडे बघत बसला. तेहतीस वर्षांच्या माणसाला कांदा कसा खातात हे ठाऊक नव्हतं.

“बुक्कीनं फोडायचा,” मी म्हणालो. या विषयात मला अकरा वर्षांचा अनुभव होता.

त्यानं बुक्की मारली. कांदा ताटातून उडून तुरीच्या पाटीत गेला. आत दाराआड सुकन्या हसली. ती तिथे उभी होती हे तेव्हा कळलं. अक्कानं कांदा उचलून आणला, फरशीवर ठेवला, दीपकची मूठ धरली आणि नीट नेम लावून दिला. दुसऱ्या बुक्कीला कांदा फुटला.

पहिल्या घासाला दीपकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, कांद्याच्या नावावर राहू दिलं. मग म्हणाला, “आई, येक इचारू?”

“इचार की.”

मी ताट उचललं आणि हात धुवायला मोरीकडे गेलो. नळ मोठा सोडला. त्यानं काय विचारलं ते मला माहीत नाही. ती चिठ्ठी माझी नव्हती. परत आलो तेव्हा तो अजून बोलतच होता, आणि अक्का भाकरी थापत ऐकत होती.